धरण किती भरलंय ते आधी बघा, मग बूट घाला

साताऱ्यात पाण्याकाठी चालायला कुठं जाऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कधी जाणार?" महिना कळल्याशिवाय मी जागा सांगत नाही. काहींना हा आगाऊपणा वाटतो. पण माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेली. रोज सकाळी धरणांवरून आकडे यायचे, पातळी किती, साठा किती, येवा (आत येणारं पाणी) किती, विसर्ग (बाहेर सोडलेलं पाणी) किती, आणि ते रजिस्टरात चढवायचं काम माझ्याकडं. कुठलं धरण पूर्ण भरल्यावर किती, तर कोयना १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वारणा ३४.४०, धोम १३.५०, कण्हेर १०.१०, उरमोडी ९.९६. हे आकडे आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. जावयाचा मोबाईल नंबर मात्र पाठ नाही.

त्या रजिस्टरानं एवढं शिकवलं की आपल्याकडच्या जलाशयांचा काठ जागेवर नसतो. ऑक्टोबरात ज्या दगडावर बसून तुम्ही पाण्यात पाय सोडले, त्याच दगडावर मे महिन्यात बसाल तर पाणी लांब खाली गेलेलं असेल आणि मध्ये कुणाचा तरी भाजीपाला उभा असेल. नदीचंही तसंच. तिला वरून धरणवाले पाणी सोडतात तेवढी ती असते. म्हणून 'साताऱ्याजवळची दहा ठिकाणं' छापाच्या याद्या मला पटत नाहीत. ठिकाण तेच, पण जानेवारीत जे चालणं आहे ते जुलैत जिवाशी खेळणं आहे.

निवृत्त झाल्यापासून आमच्या पेठेतल्या काहीजणी मिळून आम्ही सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतो. साठीच्या पुढच्या दोघी, एक शाळामास्तरीण, एकीचा कॉलेजातला मुलगा गाडी चालवायला. पुढं लिहिलंय ते अशा माणसांसाठी. कड्यावरून दोर सोडणाऱ्यांनी दुसरीकडं विचारावं.

आकडा कसा वाचायचा

पाण्याचं वर्ष एक जूनला सुरू होतं. जून ते सप्टेंबर धरण भरतं, ऑक्टोबरात साधारण काठोकाठ असतं, मग रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं, म्हणजे शेतीच्या पाण्याच्या पाळ्या, सुटत जातात तसं उतरतं. पावसाळ्यात स्थानिक पेपरात रोज साठा आणि विसर्ग छापून येतो. एरवी गावातल्या पाटकऱ्याला नाहीतर धरणाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारा, पेपरापेक्षा ताजी बातमी मिळते.

साठा नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर काठाची वाट म्हणून काही उरत नाही. पाणी थेट गवताला, झाडांच्या बुंध्याला लागलेलं असतं. तेव्हा वरच्या बांधावरून, पाणंदीतून नाहीतर डांबरी रस्त्याच्या कडेनं चालायचं. दृश्य सगळ्यात सुंदर तेव्हाच, आणि पाय भिजवायचा मोह सगळ्यात वाईटही तेव्हाच, कारण पायाखाली उतार किती आहे ते दिसत नाही. साठ-सत्तर टक्क्यांवर, म्हणजे थंडीत, चालण्यासाठी सगळ्यात चांगली जमीन मोकळी होते. तीस टक्क्यांच्या खाली गेलं की लांबलचक गाळाचं मैदान पडतं आणि तिथं वेगळे नियम लागू होतात.

एक बारीक गोष्ट. एकाच धरणाचे दोन टोकांचे काठ वेगवेगळे वागतात. भिंतीजवळ दरी खोल आणि काठ उभा, तिथं पातळी चार मीटर उतरली तरी पाणी फार लांब जात नाही. शेपटाकडं, जिथं नदी आत येते तिथं, जमीन पसरट असते. तिथं पातळी मीटरभर उतरली तरी मैदान उघडं पडतं. म्हणून दिवाळीनंतर लगेच जायचं असेल तर शेपटाकडं जा आणि उन्हाळ्यात शेपटाकडं गेलात तर पाणी शोधत बसाल. भिंतीच्या अगदी जवळ कुठल्याच ऋतूत जायचं नाही. तिथं पहारा असतो, फोटोला मनाई असते, आणि ती असायलाच हवी.

गाळ

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लोक सापाला घाबरतात, गव्याला घाबरतात आणि गाळात बिनधास्त उतरतात.

पाणी ओसरतं तेव्हा मागं तीन पट्टे राहतात. सगळ्यात वरचा हिरवा. तिथं गवत आलेलं असतं किंवा गाळपेर केलेली असते. बुडीत जमीन उघडी पडली की आसपासचे शेतकरी तिथं हरभरा, भाजीपाला, वैरण करतात. हा पट्टा पायाला घट्ट. फक्त पिकातून चालू नका, सऱ्यांच्या टोकाला जी पायवाट पडलेली असते तिच्यावरून जा, आणि कुणी दिसलं की "दादा, इकडनं जाऊ का?" एवढं विचारा. नाही म्हणालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. उलट काकडी हातावर ठेवतात.

मधला पट्टा भेगाळलेला. ऊन लागून चिखलाच्या खपल्या झालेल्या असतात. इथं वाकून बघायचं. खपलीच्या कडा वर वळलेल्या, रंग राखेसारखा फिका आणि भेगेत बोट घातलं तर कोरडं लागतंय, म्हणजे चला. खपलीचा रंग काळपट, भेगेत ओल, आणि पाय ठेवल्यावर खपली किंचित हलली, म्हणजे वरची साय तेवढी वाळली आहे, खाली सगळं मऊ आहे. तिथून परत फिरा.

सगळ्यात खालचा, पाण्याला लागून असलेला पट्टा चकचकीत असतो. फोटो काढायला माणसं नेमकी तिथंच धावतात.

मी बघते ते ठसे. म्हशींच्या खुरांचे ठसे उथळ आणि त्यांच्या कडा वाळून टणक झालेल्या असतील तर तिथं माणसाचं वजन आरामात पेलतं. ठसा ढोपराएवढा खोल आणि तळाशी पाणी साचलेलं असेल, तर म्हैस चार पायांवर ओढत निघून गेली, तुम्हाला दोनच पाय आहेत. आणि जिथं नुसते पक्ष्यांचे पाय उमटलेत, बगळ्याचे, टिटवीचे, तिथं एक पाऊलही टाकायचं नाही. हातात काठी असावीच. पुढं टेकवायची, अंगाचा भार द्यायचा, मग पाय.

तरीही कुणी रुतलंच तर हात धरून ओढू नका. ओढणारा पण रुततो. रुतलेल्यानं मागं बसायचं, जमलं तर आडवंच व्हायचं, म्हणजे वजन पसरतं. मग टाच हळूहळू हलवत, बाजूनं पाणी आत शिरू देत पाय सोडवायचा. बूट राहिला तर राहू दे. बाकीच्यांनी घट्ट जमिनीवरून काठी नाहीतर ओढणी टाकायची. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, असं मी सगळ्यांना सांगते ते याच ओढणीसाठी.

उन्हाळ्यात धरणाच्या पोटात जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात. दगडांच्या सरळ रांगा, बांध, झाडांचे वाळके खुंट. पाहायला जरूर जा, पण अशा जागी जुन्या विहिरीही असतात आणि त्या गाळानं भरून वरून सपाट दिसतात. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाचा गोल डाग दिसला, एकदम हिरवा किंवा एकदम ओला, तर लांबून वळसा घाला.

वासोटा: पाण्यातून जावं लागतं असा डोंगर

साताऱ्याहून कास ओलांडून बामणोली. तिथून लाँचमध्ये बसून कोयनेचा जलाशय, म्हणजे शिवसागर, पार करायचा. साधारण तास-दीड तासानं मेट इंदवलीला उतरायचं आणि जंगलातून गड चढायचा. आपल्या जिल्ह्यातला एका दिवसाचा हा सगळ्यात भारी कार्यक्रम, यात मला शंका नाही. पण याचं वेळापत्रक चुकलं की सगळा दिवस फुकट.

बामणोलीला सकाळी शक्य तितक्या लवकर पोचा. एसटी आहे, पण वासोट्यासाठी ती वेळेत पोचवेल यावर विसंबू नका, गाडी करा. आधी वनखात्याची परवानगी, मग लाँच. ओळखपत्र लागतं. लाँच पूर्ण घ्यावी लागते, त्यामुळं आठ-दहाजण मिळून गेलात तर परवडतं. दोघंच असाल तर धक्क्यावर दुसरा कुठलातरी ग्रुप गाठा. दर तिथंच विचारा, दरवर्षी तेच राहतात असं नाही.

जंगलाच्या तोंडाशी वनखात्याचे लोक पिशव्या तपासतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं प्लास्टिक मोजून लिहून घेतात, अनामत ठेवून घेतात, आणि परत येताना तेवढंच दाखवावं लागतं. कॉलेजची पोरं इथं हुज्जत घालतात. मला तर हे मोजणं बघून माझं रजिस्टर आठवतं आणि बरं वाटतं. घरूनच स्टीलच्या बाटल्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या न्या, मोजायला काही राहणारच नाही. डब्यात झुणका, ठेचा, गूळ. केळी नकोत, वानरं ओळखतात.

चढ दोन-अडीच तासांचा. आमच्यासारख्यांनी तीन धरावेत. सुरुवातीला ओढा आणि मारुतीचं ठाणं, मग गर्द झाडीतून सलग चढ. सावली चांगली असते, पण हवा कोंडलेली, घाम निघतो. पाणी प्रत्येकी दोन लिटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जळवा असतात. मोजे पायजम्यावर चढवा आणि वरून तंबाखूची पूड चोळा. चिकटलीच तर मिठाची चिमूट टाका, आपोआप सुटते. ओढून काढली तर रक्त जास्त वेळ वाहतं, पण आरडाओरडा करण्याइतकं काही नाही.

हा सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. गवे, अस्वलं, सांबर आहेत. दिसण्याची शक्यता तुमच्या आवाजावर अवलंबून. शेकरू मात्र बऱ्याचदा दिसतं, मान वर करून चालणाऱ्याला. गडाच्या माथ्यावरून पश्चिमेला बघा, कडा सरळ कोकणात तुटलेला आहे. बाबूकड्याच्या टोकाला वारा असतो, कडेपासून दोन हात मागं बसा. गप्पा मारायला हीच जागा. पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध झुंजवला, ती गोष्ट वर बसून सांगण्यासारखी आहे. आमची मास्तरीण सांगते आणि दरवेळी तेलीण जास्त शूर होत जाते.

नागेश्वरची गुहा त्याच दिवशी करायचा हट्ट धरू नका. तरुण आणि तयारीचे असाल तर वेगळं. मुक्कामाला बंदी आहे आणि अंधाराच्या आत लाँचमध्ये बसायचं आहे. शिवाय दुपारनंतर जलाशयावर वारा सुटतो, पाणी उसळतं. लाइफ जॅकेट पाठीला टेकायला घेतलेलं नसतं, अंगात घालायचं असतं.

इथंही पातळीचा हिशेब आहे. डिसेंबर-जानेवारीत लाँच जंगलाच्या बऱ्यापैकी जवळ लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की उतरल्यावर आधी उघड्या उतारावरून उन्हात चालत जावं लागतं, मग जंगल. पावसाळ्यात वासोटा बंद. मी सांगते डिसेंबर.

ज्यांना चढ नको त्यांनी बामणोली किंवा तापोळ्याला नुसतं काठानं फिरावं. तापोळ्याजवळ कोयनेला सोळशी आणि कांदाटी मिळतात. धरणाआधी या तीन नद्यांची खोरी होती, आता तीन बाजूंनी आत शिरलेलं पाणी दिसतं. लाँचवाल्यांना विचारलं तर ते बोटानं दाखवतात, आमचं जुनं शिवार इथं खाली, देऊळ तिथं. घाईत नसाल तर ऐकून घ्या.

कास

लोक पठाराची फुलं बघतात आणि तळं गाडीतून. उलट करा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर फुलांची गर्दी असते, नोंदणी लागते, रविवारी तर रस्त्यावर गाड्यांची रांगच. फुलं बघायची तर मधल्या वारी जा आणि जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जा. वाट सपाट आहे, आणि तळ्यावर पांढरी फुलं सकाळच्या वेळी उमललेली असतात. २०१२ साली पठाराचं नाव जागतिक वारशात लागलं. फुलांवर पाय द्यायचा नाही हे फलकांवर लिहिलेलं असतं, तरी सेल्फीवाले फुलांत असतातच.

कास तलावाकडं थंडीत जा. कडेनं झाडी आहे, सकाळी धुकं असतं. फक्त हे लक्षात ठेवा की हे सातारा शहराचं पिण्याचं पाणी आहे. मी तेच पिते. साबण, शाम्पू, जेवणाची उष्टी भांडी, काही धुवायचं नाही.

वाई, मेणवली, धोम

पाहुण्यांना घेऊन जायचं असेल, मुलं-म्हातारी सोबत असतील, तर हे. वाईत ढोल्या गणपतीपासून सुरुवात करा, घाटांवरून रमतगमत चाला. मग मेणवली, साधारण तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागं कृष्णेत उतरणारा घाट. घाटावरच्या देवळात पोर्तुगीज घंटा टांगली आहे, वसईच्या स्वारीनंतर आलेली. तिथून पुढं धोमला चालत जाता येतं, शेतांमधून, पण ऊन वाढलं असेल तर रिक्षा करा, त्यात कमीपणा नाही. धोमच्या देवळासमोर दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे, भोवती पाण्याचं कुंड. हे बघितल्याशिवाय परत येऊ नका.

घाटाच्या पायऱ्यांचं एक सांगते. पाण्याच्या वरची, नेहमीची कोरडी पायरी ठीक. पाण्याखालची निसरडी, हे माणूस धरूनच चालतो. घात करते ती मधली, जी कालपर्यंत पाण्यात होती आणि आज उघडी आहे. तिच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, वाळल्यासारखा दिसणारा. धोममधून पाणी कमी-जास्त सोडलं की अशी पायरी रोज नवी तयार होते. बूट असोत नाहीतर अनवाणी, तिथं बसून उतरा.

नदी: पाऊस नसताना वाढणारं पाणी

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेचा संगम माहुलीला. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, जिथं दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग पूर्वेला वळतात. दोन्हीकडं जा, संध्याकाळी जा. माहुलीला विश्वेश्वराचं आणि रामेश्वराचं देऊळ, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. कराडला यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि भोवती मोठी बाग. ही दोन्ही ठिकाणं कुणालाही सापडतात, म्हणून त्यांचं वर्णन करत नाही. पाण्याचं बोलू.

कोयनेचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात जातं. नदीत येतं ते पायथ्याच्या वीजगृहातून आणि पावसाळ्यात दरवाज्यांतून. पायथ्याची दोन्ही युनिट चालू केली की २,१०० क्युसेक सुटतात. म्हणजे सेकंदाला साधारण साठ हजार लिटर. आणि हे पाणी फक्त पावसाळ्यात सुटत नाही. एप्रिलच्या उन्हात, सांगलीकडच्या ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजनांना पाणी हवं असतं, तेव्हाही सुटतं. म्हणून कराडला नदीच्या वाळवंटात, आभाळात ढगाचा पुंजकाही नसताना, पाणी चढू शकतं. नदीपात्रातल्या दगडावर पंगत मांडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

चढणारं पाणी ओळखायची खूण अशी. उतरल्या उतरल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवा, नाहीतर एखाद्या दगडावरची ओलीची रेघ डोळ्यात ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी बघा. काडी पाण्यात गेली की उठा. त्याच्या आधीच पाण्यावर पालापाचोळा, काटक्या, फेस वाहून यायला लागतात, कारण वाढतं पाणी काठावरचा कचरा उचलतं. रंग गढूळला तर आणखी घाई करा. धरणाखाली भोंगा वाजला तर सामान गोळा करायलाही थांबू नका. वाईला ऊन असतं तेव्हा महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो, हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर नदीच्या पात्रात उतरायचंच नाही, वरच्या घाटावरून बघायचं.

कालव्याच्या कडेची वाट सपाट, सावलीची, मोहात पाडणारी असते आणि सकाळच्या फेरीला ती छानच आहे. पण अस्तर केलेल्या कालव्यात पडलेला पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. बाजू उतरत्या आणि गुळगुळीत, धरायला काही नाही. चप्पल पडली तर जाऊ द्या. मुलं बाहेरच्या बाजूला, मोठ्यांनी पाण्याच्या बाजूला चालायचं.

आणि ऊस. कृष्णाकाठची निम्मी वाट उसातून जाते. कराड, शिराळा भागात उसात बिबट्या असतो, पिलांसकट असतो, ऊसतोड चालू असते तेव्हा फड कमी झाल्यानं अस्वस्थ असतो. पाणंदीतून बोलत चाला, मोबाईलवर गाणं लावा, यावेळी माझी हरकत नाही. फडात शिरू नका, नैसर्गिक विधीसाठी तर नाहीच.

सांगलीच्या बाजूला: मगरी

भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ आणि खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. गोष्टीतल्या नव्हेत, खऱ्या. माझं माहेर त्या बाजूचं, त्यामुळं मला त्यांचं नवल नाही, पण धाक आहे. साताऱ्याच्या सवयीनं तिथं पाण्याकडेनं चालायचं नाही. तिथली वाट मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या शेताच्या, वरच्या कडेनं.

थंडीत ऊन जरा वर आलं की मगर काठावर उन्हात पडते. तोंड उघडं ठेवून, ओंडका वाटावा अशी. बघायची तर हीच वेळ, आणि समोरच्या काठावरून. दुर्बीण न्या. आपल्या बाजूच्या काठावर वाळूत घसरल्यासारखा रुंद पट्टा आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली, तर ती जागा तिची आहे. फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठाच्या वाळूत अंडी घालते, मग घरट्यापासून लांब जात नाही. तेव्हा तर वाळूवर उतरायचंच नाही. कुत्रं सोबत नेऊ नका. पाण्यात हात-तोंड धुवायचं ते घाटावर, जिथं चार माणसं आहेत तिथं, आणि अंधार पडायच्या आत. गावातल्या बायका धुणं कुठं धुतात ते बघा आणि तिथंच उतरा. त्यांना नदी कळते.

औदुंबरला दत्ताचं दर्शन, पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरी, भिलवडीचा मोठा घाट, असा अर्धा दिवस सहज जातो. उरलेल्या वेळात सांगली गाठा आणि आयर्विन पुलावर उभं राहून खाली खांबाकडं बघा. १९२९ चा पूल. इथं कृष्णेची पातळी फुटांत मोजतात, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. जानेवारीत पुलावरून खाली शेवाळलेलं संथ पाणी दिसतं, त्याच्या वर ५७ कुठं येतं ते डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न करा. मी प्रत्येक पाहुण्याला करायला लावते.

तिथून हरिपूरला चालत जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि हळद साठवायची पेवं याच गावची प्रसिद्ध. संगमावर पायऱ्यांपर्यंत जा, वाळूवर उतरू नका, कारण वर सांगितलंच. येताना शेंगदाणे, भडंग घ्या. साताऱ्याकडं परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर सकाळीच विचारून ठेवा आणि तिच्या आधीची पकडा.